वानखेडे वहिनींचा उजवा डोळा

आमच्या धायरीच्या सोसायटीत एकाचं दुखणं म्हणजे अख्ख्या मजल्याचं दुखणं. समोरच्या वानखेडे वहिनींच्या एका डोळ्याचेच इतके किस्से साठलेत, की सांगता सांगता मीच दमते. वहिनी ब्लाऊज शिवतात, घर त्यावरच चालतं. डोळा गेला असता तर शिवणही गेलं असतं.

*

डोळा लाल झाला, तेव्हा आम्हीच ठरवलं, डोळे आलेत! आमच्याकडे उरलेले ड्रॉप्स विरजणासारखे घरोघर फिरतात. वहिनींना तीन घरांतल्या बाटल्या मिळाल्या. उजेड सोसेना म्हणून त्या पडदे लावून शिवत राहिल्या. धुरकट दिसायला लागलं, तेव्हा कुठे मी त्यांना सदाशिव पेठेतल्या डॉक्टरांकडे नेलं.

"डोळे आलेले नाहीत. आत सूज आहे, बाहुली मागच्या भिंगाला चिकटलीय. इतके दिवस काय केलंत?"

"शेजाऱ्यांना विचारत होते."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "मग? आपलं निदान काय?"

*

बाहुली मोठी करायचे ड्रॉप्स घातले, तरी चिकटलेला भाग पूर्ण सुटेना. डॉक्टरांनी वहिनींना फोटो दाखवला. बाहुली गोल नाहीच, एका कडेला वेडीवाकडी.

"बाप्पा! ही कटिंग कुणी केली?"

"तुमच्या उशिरानं."

*

स्टिरॉइडच्या ड्रॉप्सनी आराम पडला. ते हळूहळू कमी करून बंद करायचे होते. पण वहिनींचे मिस्टर म्हणाले, "बरं वाटतंय ना? मग चालू ठेव!" बाटली संपली की मेडिकलमधून नवी. शेवटी डोळ्याचं प्रेशर वाढलं आणि वर मोतीबिंदू!

डॉक्टर मिस्टरांना म्हणाले, "आता प्रेशरचे ड्रॉप्सही आपणच घाला. फक्त डॉक्टर मला राहू द्या."

*

ऑपरेशनही लगेच नाही. आधी डोळा आतून शांत हवा, तोही काही महिने. दर वेळी सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधून जायचं आणि ऐकायचं, "अजून नाही." एकदा मी वैतागून विचारलं, "अहो, शांत म्हणजे नक्की किती शांत?"

"आपण बाहेर बसलात की होतं तितकं."

*

अखेर ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, तेव्हा वहिनींनी माझा हात घट्ट धरला होता. डॉक्टरांनी बोटं समोर धरली. "किती?"

वहिनी बोटांकडे बघेचनात. डॉक्टरांनी बोटं आणखी जवळ आणली.

"डॉक्टर, तुमच्या कोटाचं हे बटण कुणी लावलं? बाकीची पांढऱ्या दोऱ्यात आणि याला क्रीम!"

डॉक्टरांनी मान खाली घालून बटणं पाहिली. चष्मा काढून पाहिली, परत लावून पाहिली. मग नर्सला हाक मारली,

"सिस्टर, जरा इकडे या. यातलं कुठलं हो?"