शेवटच्या बाकावर आई

काल संध्याकाळी वंदना झाल्यावर मेणबत्ती विझवली आणि तिच्या धुराच्या वासाने मला नाशिकच्या त्या जुन्या चर्चमध्ये नेलं.

शहाण्णव साली मी कॉलेजात होते आणि दर रविवारी तिथल्या गायकवृंदात गायला जायचे. आईला ते खटकायचं. “आपण विचार करून धम्म घेतला. तू गाण्यापायी सोडणार का?” असं म्हणत एका रविवारी ती माझ्याबरोबरच आली. शेवटच्या बाकावर पर्स मांडीवर घट्ट धरून, एकेकाला निरखत बसली.

गाण्याआधी आम्हाला शिकवणाऱ्या रोझलिनबाईंनी ते गाणं रचणाऱ्या जर्मन संगीतकाराची गोष्ट सांगितली. तीनशे वर्षांपूर्वी तो चर्चसाठी दर आठवड्याला नवी रचना लिहायचा, आणि त्याची निम्मी लेकरं त्याच्या डोळ्यांदेखत गेली. मग आम्ही गायलो. खालच्या पट्टीतले पुरुषांचे आवाज आमच्या आवाजांत मिसळत वर चढले. मी मागे पाहिलं, तर आई मान खाली घालून बसली होती.

रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, “बाईंना आपल्या मिलिंदचं तूच सांगितलंस ना? मला वळवायला रचली ना ही गोष्ट?”

“नाही गं आई, शप्पथ! तो माणूस खरंच होता.”

तिला ते पटलं नाही. माझं गाणं तिने थांबवलं नाही, पण बाईंवरचा संशयही कधी सोडला नाही.

तेव्हा मला तिचा फार राग आला होता. माझ्या जन्माआधी तापाने गेलेल्या भावाबद्दल मला मावशीने सांगितलं होतं. आईच्या तोंडून त्याचं नाव मी त्या रिक्षात पहिल्यांदा ऐकलं, हे माझ्या लक्षात यायला खूप वर्षं लागली.