भांडी घेऊन या

मैत्री, राहुल,

रविवारी फोनवर तुमचं भांडण ऐकलं. मैत्रीच्या वर्गातल्या एका मुलाने तिला म्हटलं, तुझे हात चिखलाच्या रंगाचे आहेत, माझ्या डब्याला लावू नकोस. बाईंनी त्याला माफी मागायला लावली. त्यावर राहुल म्हणाला, "गंमत केली त्याने. हल्ली काही बोलायची सोयच राहिली नाही."

मी फोन ठेवून दिला. हेच वाक्य पंधरा दिवसांपूर्वी मी भोरमध्ये, माझ्याच दारात ऐकलं होतं. म्हणून आता लिहिते आहे. तुमच्या वडिलांनाही यातलं सगळं ठाऊक नाही.

आमचं गाव वेल्ह्याच्या वाटेवर, मार्गासनीच्या अलीकडे. गावात लग्न असलं की घरोघरी जाऊन जेवणाचं बोलावणं करायचे. आमच्या वस्तीत कोणी पाऊल टाकत नसे. माणूस ओढ्यापलीकडच्या बांधावर उभा राहून ओरडायचा,

"चला रं जेवाया! भांडी घिऊन या!"

बाकी गावाला पत्रावळी. आम्हाला भांडी. आम्ही बौद्ध झालो होतो, पण ते गावाच्या कानावर गेलंच नव्हतं.

मी चौथीत होते. आईने पातेलं माझ्या हातात दिलं. आम्ही मांडवामागे उभ्या राहिलो. आधी सगळ्या पंगती उठायच्या, मग आमचं. भात, त्यावर आमटी, त्यावरच लापशी. गोड-तिखट एकाच भांड्यात, वरून, हात लांब ठेवून.

पंगतीत माझ्या वर्गातली एक मुलगी बसली होती. शाळेत आम्ही एका पाटीवर गणितं करायचो. तिने मला बघून हात हलवला. मी पातेलं खाली ठेवलं आणि तिच्या शेजारी जाऊन बसले.

वाढपी थांबला.

"ए पोरी, ऊठ. भांडं आणलंय न्हवं? मग हितं कशाला बसलीस?"

"मला पान पायजे."

पंगत हसली. एक म्हातारा म्हणाला, "आज पान मागती, उद्या पाट मागंल!" आणखी हसले. माझी मैत्रीण पत्रावळीकडे बघत राहिली. मला ओढून उठवायलाही कोणी पुढे आलं नाही, कारण त्यासाठी मला शिवावं लागलं असतं. शेवटी आई आली. तिने दंड धरून मला उठवलं. पातेलं रिकामंच घरी आलं.

रात्री आम्ही कण्या खाल्ल्या. मी म्हटलं, "आई, मी परत भांडं घिऊन जायची न्हाई." आईने रिकामं पातेलं फळीवर पालथं घातलं. मला वाटलं, चिडली.

पुढच्या लग्नात बांधावरून हाक आली. आई दारात गेली आणि ओरडली, "आमची भांडी मोकळी न्हाईती! घासायची हायती!"

वस्ती खदखदून हसली. त्या दिवशी आमच्या घरातून कोणी गेलं नाही. नंतर कधीच नाही.

मी शिकले. भोरमध्ये इंग्रजी शिकवलं. आता निवृत्त आहे. आमच्या गल्लीत मला सगळे मॅडम म्हणतात. शेजारीण तर रोज नातवाचे इंग्रजी निबंध माझ्याकडून तपासून नेते. चांगली बाई आहे. पंधरा दिवसांपूर्वी तिच्या नव्या मजल्याची वास्तुशांत होती. अख्ख्या गल्लीला जेवण. ती माझ्या दारात आली.

"मॅडम, गर्दीत तुम्ही कशाला अवघडता? मी डबा घरीच पाठवते."

मी विचारलं, "समोरच्या काकूंनाही डबाच का? त्यांना तर जिना चढवत नाही."

"अहो, त्या घरच्याच."

"आणि मी?"

ती लाल झाली. "बघा, हल्ली तुमच्या लोकांशी काही बोलायची सोय राहिली नाही. मी काही वाईट शब्द वापरला का?"

नव्हता वापरला. शब्द स्वच्छ होता. बांधावरचा माणूस निदान ओरडायचा तरी.

दुपारी डबा आला. झाकण न उघडता मी तो परत पाठवला. इस्त्रीची साडी नेसले, मोकळ्या हातांनी जिना चढले आणि पंगतीत बसले. गुडघे ओरडत होते. शेजारणीने स्वतः पान मांडलं, वाढलं. मी आधी लापशी खाल्ली, मग भात. वेगवेगळं. पोटभर.

राहुल, तू म्हणतोस बोलायची सोय गेली. कुणाची गेली? आईची आणि माझी तर कधी नव्हतीच. पुढच्या वेळी तसा शब्द तोंडातच गिळावा लागेल, याचं त्या मुलाला ओझं वाटत असेल तर वाटू दे. मला ते हवं आहे. पण तेवढ्यावर समाधान मानू नका. उद्या तो गोड बोलेल आणि आपला डबा घेऊन दुसऱ्या बाकावर जाईल. मैत्रीने बाक सोडायचा नाही. आणि तू तिच्या शेजारी बसायचं. हसणाऱ्यांत नाही.

शेजारीण अजून निबंध घेऊन येते. मी तपासते. तिच्याकडे पुन्हा पंगत बसली की मी पुन्हा जाणार आहे, बोलावणं येवो न येवो.

त्या दिवशी मी जेवून उठेपर्यंत माझ्या शेजारचं पान रिकामंच राहिलं. लोक उभे होते, जागा शोधत होते. तिथे कोणी बसलं नाही.

— तुमची आजी