चाकाचा मान

भैरवनाथाच्या रथाच्या उजव्या चाकाला पाचर लावायचा मान आमच्या गावात दत्तोबांच्या घराण्याकडं होता. रथ सागवानी, दुमजली घराएवढा उंच. पुढून दोरखंडांनी ओढायचा. थांबवायचा किंवा वळवायचा झाला तर चालत्या चाकापुढं लाकडाची पाचर सारायची आणि झटकन हात काढून घ्यायचा. मिसरूड फुटल्यापासून दत्तोबांनी हेच केलं. पुढं शेत एमआयडीसीत गेलं, ते चाकणला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन झाले, तरी चैत्रातल्या यात्रेला रजा टाकून चाकापाशी हजर असायचे. गुडघे गेले तेव्हा त्यांनी पाचर मुलाच्या हाती दिली. हा समाधान, तळवड्याच्या एका कारखान्यात प्रेसवर कामाला.

रथाची जुनी वाट सपाट मातीची होती. ती आता कंपनीच्या भिंतीआड गेलीय. म्हणून रथ नव्या सिमेंटच्या रस्त्यानं न्यायचं ठरलं, आणि त्या रस्त्याला थेट देवळापर्यंत उतार. मातीत पाचर रुतते, सिमेंटवर ती घसरते. दत्तोबांनी यात्रा कमिटीच्या धनेशला हे सांगितलं होतं. त्यानं मान डोलावली, रथ मागून धरायला जादा माणसं लावतो म्हणाला. माणसं लावलीही. पण यात्रेच्या दिवशी ती गुलाल उधळत पुढं नाचत होती.

उताराच्या मध्यावर रथानं वेग घेतला. समाधाननं पाचर सारली, ती चाकाबरोबर खरडत गेली. दुसरी सारायला तो वाकला आणि त्याचा पाय सटकला. चाक त्याच्या मांडीवर चढलं आणि तिथंच थांबलं. मागच्यांना काही दिसलं नव्हतं. देवच थांबला असं वाटून त्यांनी ‘चांगभलं’चा गजर केला.

काय झालंय ते कळल्यावर सगळे रथ मागं रेटायला लागले. पण मागं चढ. चाक बोटभर उचलायचं आणि पुन्हा त्याच मांडीवर बसायचं. समाधान शुद्धीवर होता. शेजारी बसलेल्या बापाचा सदरा त्यानं मुठीत धरला होता.

दत्तोबा म्हणाले, "मागं जाणार न्हाई त्यो. पुढं वढा."

दोरखंडाला कुणी हात लावेना. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं आणि मुलाचं डोकं छातीशी घट्ट धरलं. रथ पुढं गेला.

मग तो थांबलाच नाही. देवळापर्यंत गेला, आरतीही झाली. समाधान चाकणच्या ट्रॅफिकमध्ये, अँब्युलन्समध्येच गेला.

दहावा झाल्यावर त्याच्या बायकोनं, वर्षालीनं, सासऱ्याला एकच विचारलं, "मामा, पुढं ओढा असं तुम्हीच सांगितलं?"

"व्हय."

त्यानंतर ती त्यांच्याशी बोलली नाही. वेळेवर ताट वाढायची, औषध काढून ठेवायची, आणि कंपनीत पॅकिंगच्या कामाला निघून जायची. दत्तोबा एकदा दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना विचारून आले, क्रेन येईपर्यंत थांबलो असतो तर पोरगं वाचलं असतं का. डॉक्टर म्हणाले, नक्की सांगता येत नाही.

पुढच्या यात्रेला वेशीवर समाधानचा फ्लेक्स लागला. देवाच्या पायाशी गेला, असं त्यावर लिहिलं होतं. धनेश दत्तोबांना सत्काराचं बोलावणं द्यायला घरी आला. सत्कार नको, म्हणाले दत्तोबा, फक्त रथ उतारावर नेऊ नका, देवळापुढच्या सपाटीवर फिरवा.

"आबा, परंपरा कशी मोडायची?" धनेश म्हणाला. त्या रस्त्याचं सिमेंट अजून नीट काळंही पडलं नव्हतं.

यात्रेच्या दिवशी रथ उताराच्या तोंडाशी आला तेव्हा दत्तोबा उजव्या चाकापुढं आडवे झाले. आधी लोकांनी समजावलं, मग शिव्या दिल्या. कुणीतरी म्हणालं, पोरगा खाल्ला, आता देव अडवतोय. ते उठले नाहीत. शेवटी पोलिसांनी त्यांना हातापायांना धरून उचललं आणि गाडीत घातलं. कमिटीनं यंदा रथाच्या मागं क्रेन बांधली होती. रथ उतारावरून सुखरूप खाली गेला. कुणाला खरचटलंही नाही. पाचरीचा मान त्याच दिवशी दुसऱ्या घराकडं दिला गेला.

चौकीत दत्तोबा बाकावर बसून होते. त्यांना सोडवायला गावातलं कुणी आलं नाही. दुपारी वर्षाली आली, कंपनीच्या युनिफॉर्मवरच. तिनं सही केली, त्यांच्या पायात चपला सरकवल्या आणि हाताला धरून बाहेर आणलं. फाटकापाशी ती थांबली.

"मी तिथं असते तर मी काय सांगितलं असतं, याचाच वर्षभर विचार करतेय मामा," ती म्हणाली. "मला नाही कळलं अजून."

 दत्तोबा म्हणाले, "मलाबी न्हाई."

तिनं हात सोडला नाही. दोघं उन्हातून बसस्टॉपकडं चालू लागली.