भालचंद्रकाका आणि बंद पडलेली स्थळं

२०१२ साली ग्वाल्हेरच्या मराठी घरांतल्या तीनशे मुलामुलींची लग्नं एकाच दिवशी ठरली. निदान गावाबाहेरच्या लोकांना तसं वाटलं. त्यात माझंही एक होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

झालं असं की लष्कर आणि मुरार या ग्वाल्हेरच्या दोन भागांत आपल्या लोकांची दोन वेगळी वधूवर मंडळं होती. मागे कधीतरी खुर्च्यांवरून भांडण झालेलं. भांडण कुणाला आठवत नव्हतं, पण मंडळं दोनच राहिली. पुढे दोन्हीकडे स्थळं कमी पडायला लागली तेव्हा सगळ्यांना एकी सुचली. फूलबागेजवळच्या हॉलमध्ये सभा झाली, अध्यक्ष सदाशिवराव तासभर बोलले, आणि दोन्ही वेबसाइट मोडून एकच नवी करायचं ठरलं. एका कंपनीने छान गुलाबी वेबसाइट करून दिली, सगळी माहिती तिच्यात भरली, प्रत्येक स्थळाला नवा नंबर दिला आणि ती निघून गेली.

जुन्या पत्त्यांचं काय, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आमच्याकडे बायोडेटा छापला की खाली वेबसाइटवरच्या आपल्या पानाचा पत्ता छापत. ते कागद सागर, जबलपूर, नागपूर, पुण्यापर्यंत पोचलेले. त्यावरचा पत्ता उघडला की आता एकच ओळ दिसायची, 'हे पान उपलब्ध नाही.' बँकेच्या वेबसाइटवर अशी ओळ दिसली तर माणूस बँकेला शिव्या देतो. वधूवर मंडळाच्या वेबसाइटवर दिसली तर म्हणतो, जमलं वाटतं यांचं. पूर्वी लग्न ठरलं की पान काढूनच टाकायचे, तेव्हा लोकांचं तरी काय चुकलं? घरोघरचे फोन थांबले आणि महिना होत आला तरी कारण कुणाला कळेना.

कळलं ते भालचंद्र इंदापूरकरांना. नात्याने ते आमचे कुणीच नाहीत, पण अख्ख्या गावाचे काका आहेत. बिर्लानगरच्या एका गिरणीत ते टाइमकीपर होते. तिथे एकदा खात्यांची उलथापालथ झाली आणि प्रत्येक कामगाराचा नंबर बदलला. जुना नंबर सांगणाऱ्याला फाटकावरूनच घरी पाठवायला लागले. तेव्हा काका आपली खुर्ची सोडून पंधरा दिवस फाटकावर उभे राहिले, हातात रजिस्टर घेऊन, येईल त्याला त्याचा नवा नंबर सांगत. त्याबद्दल साहेबाची बोलणीही खाल्ली. गिरणी बंद पडली तेव्हा ते पन्नाशीला आलेले. कॉम्प्युटरच्या क्लासला मुलीच्या वयाच्या पोरींशेजारी जाऊन बसले आणि पुढे लष्करच्या मंडळाची वेबसाइट फुकट सांभाळायला लागले. अजूनही एकाच बोटाने टाइप करतात. स्वभाव तिरसट. कुणी लिंक खराब आहे म्हणालं की म्हणतात, "खराब म्हणजे काय? काय उघडलं, काय दिसलं, ते नीट सांग."

कुणाचंही पान बघायचं तर आधी स्वतःचा सभासद नंबर टाकावा लागे. त्यामुळे बंद पानावर कोण येऊन परत गेलं याची यादी मागच्या मागे तयार होत होती. ती उघडून बघायचे कष्ट फक्त काकांनी घेतले, आणि ते डोक्याला हात लावून बसले. आधी त्यांनी ती ओळ बदलली. तिच्या जागी लिहिलं, 'हे स्थळ दुसऱ्या पानावर गेले आहे. लग्न ठरलेले नाही. सापडत नसेल तर फोन करा.' खाली स्वतःचा नंबर. सदाशिवराव म्हणाले, हे बरं दिसत नाही. काका म्हणाले, तुम्ही गुलाबी रंग बघा, हे मी बघतो.

मग एकेका जुन्या पत्त्याला नव्या पानाशी जोडायचं काम. ते सरसकट होईना, कारण लष्करच्या चाळीस नंबरला एक डॉक्टर मुलगी होती आणि मुरारच्या चाळीस नंबरला एक बिजवर. एकदा घाईत अदलाबदल झाली तर जबलपूरहून फोन आला, मुलीला मिशा कशा? तेव्हापासून काका रजिस्टर घेऊन घरोघर जायला लागले. लग्न खरंच ठरलंय का विचारायचं, नसेल तर पान पुन्हा सुरू करू का विचारायचं. विचारल्याशिवाय त्यांनी एकही पान उघडलं नाही, आणि या एका गोष्टीसाठी मी त्यांना जन्मभर मानते.

असे ते थाटीपुरातल्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आले. मी तेव्हा बत्तीस वर्षांची, शाळेत गणित शिकवायची. सतरा वेळा दाखवून झालेलं. एका घरच्यांनी तर उंची बघायला आपली मुलगी माझ्या शेजारी उभी केली होती. फोन थांबल्यापासून मी पहिल्यांदा नीट झोपत होते. माझ्या आईने, उषाताईंनी, काकांपुढे चहा ठेवला आणि ते काही विचारायच्या आतच मी बोलून टाकलं, "काका, राहू द्या ना. बंद आहे तर बंदच ठीक आहे. मैं सच में थक गई हूँ."

आई पदर डोळ्याला लावून स्वयंपाकघरात निघून गेली. मला वाटलं आता व्याख्यान ऐकावं लागणार. पण काका फक्त 'ठीक' म्हणाले आणि माझ्या नावापुढे त्यांनी तसं लिहूनही टाकलं. मग चष्मा पुसला आणि खिशातून एक घडी केलेला कागद काढला.

"तुझ्याबद्दलची गोष्ट आहे म्हणून तुला सांगतो, राजलक्ष्मी. मग तू काय ते ठरव. मी तिथली ओळ बदलायच्या आधीच्या महिनाभरात एका सभासदाने तुझं बंद पान अकरा वेळा उघडून पाहिलंय. दरवेळी दुपारी दीडला. मुलगा कॉलेजात शिकवतो, म्हणजे जेवणाच्या सुट्टीत तो स्वतःच बघतोय. त्याच्या आईचा परवा मला फोन होता, दुसऱ्या मुलीचं पान मागायला. रविवारी बघायला चाललेत. तू नाही म्हटलीस तर हा कागद इथेच फाडतो. नाव तुलाही सांगणार नाही."

त्या दिवशी शुक्रवार होता. खरं सांगायचं तर मला आधी रागच आला. काय बघत होता हा माणूस रिकाम्या पानावर? मग मी तो कागद हातात घेतला. अकरा तारखा होत्या. सतरा घरं मला एकेकदा बघून गेली होती, दुसऱ्यांदा कुणी आलं नव्हतं. मला एकदम रडू आलं आणि ते काकांना दिसलं याचीही लाज वाटली नाही.

पान उघडू नका, मी त्यांना म्हटलं, फक्त माझा नंबर त्याला द्या. मला त्याला एक गोष्ट विचारायची आहे.

काकांनी तिथूनच सागर शहरात त्या मुलाला फोन लावला. फोनवर ते इतक्या मोठ्याने बोलतात की शेजारच्यांनाही सगळं कळलं. पाव तासात माझा फोन वाजला. मी आतल्या खोलीत जाऊन घेतला. पलीकडून गोपाळकृष्ण असं लांबलचक नाव ऐकू आलं. नमस्कार-चमत्कार न करता मी विचारलं की पान बंद होतं, सगळे लग्न ठरलं असं धरून चालले होते, मग तुम्ही अकरा वेळा काय बघत होता?

तो म्हणाला, "ठरलंय असं मलाही वाटलं होतं. पण ते मला मशीनने सांगितलं. तुमच्या तोंडून ऐकलं असतं तर परत उघडलं नसतं."

"रविवारी कुठे जाऊ नका," मी म्हटलं.

बाहेर आले तर काका निघून गेलेले. पुढच्या गल्लीत त्यांची अजून सहा घरं राहिली होती. मी चपला न घालता त्यांच्यामागे धावले आणि माझ्या शाळेची मुलं बघत असताना भर रस्त्यात त्यांच्या पाया पडले.