बिस्किट थांबला, मी निघालो

घोड्यावरून मी आयुष्यात एकदाच पडलो, आणि तेही घोडा थांबला म्हणून.

आम्ही तेव्हा अमेरिकेत, मॉरिसव्हिलला राहत होतो. साल दोन हजार सहा. मी एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचो, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायचा पगार घ्यायचो (ही सवय घरी आल्यावरही सुटत नाही, असं माझी बायको मेधा म्हणते). मुलगी इरा बारा वर्षांची. तिच्या मैत्रिणी भरतनाट्यमला जायच्या, हिने घोडा मागितला. घोडा काही मिळाला नाही, शनिवारचा क्लास मिळाला.

गावाबाहेर, पाइनच्या झाडांमागे डोनाचं फार्म होतं. डोना साठीची, उन्हाने रापलेली, आवाज पार रस्त्यापर्यंत जाईल असा. ती रेनिंग शिकवायची. हा काउबॉय मंडळींचा खेळ. त्यातली सगळ्यात देखणी गोष्ट म्हणजे स्लायडिंग स्टॉप. घोडा भरधाव सरळ येतो, स्वार हलक्या आवाजात 'व्हो' म्हणतो, आणि घोडा मागच्या पायांवर बसल्यासारखा होऊन वाळूत लांबवर घसरत जातो. पुढचे पाय मात्र चालतच असतात. वाळू उडते आणि दुपारच्या उन्हात क्षणभर तशीच तरंगत राहते. कुंपणाला टेकून ते बघताना मला कुठलं भान उरायचं नाही. आठवडाभराच्या मीटिंगा त्या सोनेरी धुळीत विरघळून जायच्या.

नुसतं बघत राहिलो असतो तर बरं होतं. पण मी ऐकतही होतो.

"मागच्या खिशांवर बस," डोना ओरडायची. "कंबर सैल. पाय त्याच्या अंगापासून सोड, टाचा खाली. गुडघ्यांनी धरू नकोस. रिकिबीत रेटा देऊन ताठ झालीस तर उडशील. तू नको थांबूस, त्याला थांबू दे."

चार शनिवारांत मला हे सगळं पाठ झालं. पाचव्या शनिवारी मी ते म्हणायला लागलो.

"इरा, आज तुझी टाच वर येत होती," मी गाडीत म्हणालो.

"ओके."

"आणि थांबायच्या आधी तू पुढे झुकतेस. खिशांवर बसायचं."

"बाबा, माझ्या पँटला खिसेच नाहीत."

घरी आल्यावर मी सोफ्याच्या हातावर पाय टाकून बसलो आणि तिला कमरेचा कोन दाखवला. मेधा कणीक मळता मळता बघत होती. "सोफ्याला चारा घालू का?" एवढंच म्हणाली.

पुढच्या शनिवारी फार्मच्या गेटपाशी इराने सीटबेल्ट सोडला आणि म्हणाली, "बाबा, तू इथूनच जा ना. यू कॅन गो टू द लायब्ररी."

"का गं?"

"तू बघत असलास की मला तुझाच आवाज ऐकू येतो. मिस डोनाचा नाही येत."

"मी तर कुंपणापाशी तोंडसुद्धा उघडत नाही."

"तुझे ओठ हलतात," ती म्हणाली आणि हेल्मेट घेऊन निघून गेली.

तो तास मी लायब्ररीत काढला. समोर पुस्तक उघडं होतं, त्याचं एकही पान उलटलं नाही. मुलं कधीतरी हात सोडतात हे ठाऊक होतं. तो दिवस एवढ्या लवकर आणि एवढ्या सभ्य भाषेत येईल असं वाटलं नव्हतं.

रात्री जेवताना मेधाला सांगितलं. ती म्हणाली, "मग तूच शीक ना. एवढं सगळं येतंय तर बस एकदा वर."

डोनाने माझ्याकडे खालून वर पाहिलं आणि अटी सांगितल्या. हेल्मेट काढायचं नाही. आठ आठवडे फक्त चाल आणि दुडकी. मतं गाडीत ठेवून यायची. मग तिने बिस्किटला आणलं. बिस्किट एकोणीस वर्षांचा, स्पर्धांतून निवृत्त झालेला, डोळे कायम अर्धे मिटलेले. एखादे पेन्शनर दुपारी गॅलरीत बसावेत तसा उभा होता.

"एक लक्षात ठेव," डोना म्हणाली. "'व्हो' हा शब्द याच्याशी गप्पा मारताना वापरायचा नाही. बाकीचं बरंच विसरलाय तो. तेवढं नाही विसरलेला."

नवव्या शनिवारी तिने मला हळू दौडीची परवानगी दिली. त्या दिवशी कुंपणाला इरा टेकली होती, बरोब्बर मी टेकायचो तिथे. शेजारी मेधा हँडीकॅम लावून उभी होती.

बिस्किट निघाला. दौड म्हणजे दणके बसणार असं मला वाटत होतं, पण ते झोपाळ्यासारखं होतं. तरी मनात भीती होती, म्हणून मी गुडघे आणि पोटऱ्या आवळल्या. आता पाय आवळले की घोड्याला तो 'चल, जोरात' असा हुकूम वाटतो. बिस्किटने वेग घेतला. मला वाटलं, आपल्याला जमतंय!

पाइनची झाडं एकमेकांत मिसळून हिरव्या पाण्यासारखी वाहू लागली. मधूनमधून उन्हाच्या पट्ट्या अंगावरून सरकत होत्या. खुरांचा ताल धरला गेला, तीन ठोके आणि एक श्वास. भीती कुठे गळून पडली कळलं नाही. खाली घोडा आहे हेही विसरायला झालं. माझे वडील रेडिओवर एखादी तान मनासारखी लागली की डोळे मिटायचे, मान हलवायचे आणि पोटातून एकच शब्द काढायचे. त्या क्षणी माझेही डोळे मिटले, मान हलली आणि मी म्हणालो, "वा."

बिस्किटने शब्दाला मान दिला.

यानंतरचं फार सावकाश घडलं. टाचा वर गेल्या, गुडघे आवळले गेले, छाती पुढे आली. इराच्या ज्या ज्या चुका मी काढल्या होत्या त्या सगळ्या एका सेकंदात, ओळीने. खोगीर माझ्याखालून खाली बसलं, मी मात्र त्याच्याबरोबर बसलो नाही. घोड्याच्या डाव्या खांद्यावरून मी बाहेर पडलो. वर निळं आभाळ होतं. अजिबात घाई वाटत नव्हती. कानांत वारा, आणि खालून कुठूनतरी वाळू घसरत गेल्याचा लांब, रेशमी आवाज.

मग जमीन आली.

सगळ्यात आधी इरा कुंपणावरून उडी मारून धावत आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "बाबा, आर यू ओके? बोटं हलव. पाय हलव."

मी सगळं हलवून दाखवलं. डोना वाकून म्हणाली, "कुठे लागलंय?"

"मागच्या खिशांवर," मी म्हणालो.

मोडलं काहीच नव्हतं. ते कळल्यावर इरा हसायला लागली. हसता हसता माझ्या शेजारी वाळूत बसली. "बाबा, यू सेड 'वा'. टू अ रेनिंग हॉर्स. त्याला 'व्हो'च ऐकू आलं." मग तिने डोळे पुसले, माझा पाय मांडीवर घेतला आणि घोटा हातात धरून शिकवायला लागली. "बघ, पाय इथे हवा. असा लूज. तू घट्ट धरलंस म्हणून तो पळाला. थांबताना श्वास सोडायचा आणि त्याच्यात खाली बसायचं, पीठ भरलेल्या पिशवीसारखं."

यातलं अक्षर न् अक्षर मला पाठ होतं. मी गप्प पडून राहिलो. तिच्या केसांमागून ऊन येत होतं, माझी पाठ ठणकत होती, आणि तिने संध्याकाळपर्यंत शिकवलं असतं तरी माझी हरकत नव्हती.

"पुढच्या शनिवारपासून माझ्या क्लासला ये आत," ती उठताना म्हणाली. "पण तोंडात च्युइंगगम ठेव."

मेधाच्या टेपची एक प्रत डोनाने मागून घेतली. नवे विद्यार्थी आले की ती त्यांना बिस्किटचा तो स्टॉप दाखवते. पाठ कशी गोल, मागचे पाय कसे खोल, पुढचे कसे सैल. इतका सुंदर स्टॉप त्याने उतारवयात दुसरा केला नाही म्हणे, कारण त्या वेळी स्वाराची काडीइतकीही लुडबुड झाली नाही. मी त्या टेपमध्ये जवळजवळ नाहीच. वरच्या कोपऱ्यातून क्षणभर माझा एक बूट जातो, आणि बघणाऱ्यांना तो पक्षी वाटतो.