काटा खाली आला तेव्हा

बद्रीनाथला बबनरावांच्या गाडीवर बावीस वर्षं झाली होती. अठराव्या वर्षी तो आईबापाबरोबर ऊस तोडायला निघाला होता. फडावर न्यायला आलेला ट्रक केजजवळच्या त्यांच्या गावात पारापाशी उभा होता, बिऱ्हाड चढवून झालं होतं. तिथून चाललेल्या बबनरावांनी जीप थांबवून विचारलं, "ह्याला ट्रॅक्टर चालवता येतो म्हणतात. खरं हाय का?"

बाप हो म्हणाला.

"मंग ह्याच्या हातात कोयता कावून देता? ऱ्हाऊ द्या माझ्याकडं."

ट्रकमधून एक गोधडी आणि एक पत्र्याची पेटी खाली उतरली. आईनं वरूनच बबनरावांना हात जोडले. त्या जोडलेल्या हातांचं ओझं आपल्या मानेवर बसलंय, हे कळायला बद्रीनाथला बरीच वर्षं लागली.

बबनराव वाईट माणूस नव्हते. गावचे पुढारी, मोठी जमीन, दारात सतत माणसं. बद्रीनाथच्या लग्नात ते पुढं होऊन उभे राहिले, बाप आजारी पडला तेव्हा दवाखान्यात फोन करून खाट मिळवून दिली. पण तिशीत असताना बद्रीनाथला एसटीत चालक म्हणून लागायची संधी आली, कागदपत्रं तपासायला बोलावल्याचं पत्र आलं, तेव्हा बबनराव म्हणाले, "जा की. मी काय दोरीनं बांधलंय तुला?" आणि नेमकं बोलावलेल्या दिवशीच त्यांनी लातूरला जायचं काढलं. बद्रीनाथ लातूरला गेला. पत्र पेटीत राहिलं.

त्याचं बहुतेक आयुष्य थांबण्यात जायचं. लग्नाच्या मांडवाबाहेर, तहसील कचेरीच्या भिंतीला लागून, कुणाच्या तरी वाड्या-वस्तीवर. अण्णा, म्हणजे बबनराव, कधी बाहेर येतील सांगता यायचं नाही, म्हणून गाडी सोडून चहाला जायची सोय नव्हती. त्या रिकाम्या तासांत तो बॉनेट उघडून बसायचा. कुठल्या आवाजाचं काय कारण, कुठला वास कशाचा, हे त्याला असंच कळत गेलं. शिकवलं कुणीच नाही.

यंदा मार्चमध्ये कड्याहून एका लग्नावरून परतताना, पाटोद्याच्या अलीकडं, टेंपरेचरचा काटा एकदम लाल पट्ट्याला टेकला. बद्रीनाथनं वेग कमी केला. दोन मिनिटांत काटा खाली आला, मधोमध थांबला, जणू काही झालंच नव्हतं. मग हे रोजचंच झालं. कधी चढाला वर जायचा, कधी सपाट रस्त्यावर, कधी उभ्या गाडीत.

बीडच्या एका गॅरेजात आधी थर्मोस्टॅट बदलला, मग सेन्सर बदलला. काटा नाचतच राहिला. "मीटरचाच दोष असंल," गॅरेजवाला म्हणाला. "गाडी पळती ना? पळवा."

बद्रीनाथला ते पटलं नाही. एका सकाळी त्यानं अण्णांच्या अंगणात एकट्यानं तपासायला घेतलं. दोष एक तर वायरीत असेल नाही तर पाण्यात. वायरीत असेल तर दिवे लावले, हॉर्न दाबला, वायर हलवली की काटा टुणकन हलायला हवा. त्यानं सगळं करून पाहिलं. काटा जागचा हलला नाही. मग गार इंजिनावर रेडिएटरचं झाकण काढलं. पाणी बोटभर खाली होतं. भरलं. तीन दिवसांनी पुन्हा बोटभर खाली. गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवला, तर सकाळी तो कोरडा. पाणी बाहेर सांडत नव्हतं, तरी जात होतं. शेवटी त्यानं झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं आणि वाकून पाहत राहिला. पाण्यातून बुडबुडे येत होते. एक फुटला की दुसरा. थांबतच नव्हते.

तो तसाच ओसरीवर गेला. बबनराव पेपर वाचत होते.

"अण्णा, हेड गॅसकेट गेलंय. इंजिनातला गॅस पाण्यात शिरतोय आन् पाणी इंजिनात जळतंय. पाणी कमी झालं की काटा येड्यावानी करतो. गाडी उघडावी लागंल."

"किती दिवस?"

"आठ तरी."

"इलेक्शन तोंडावर हाय बे. आठ दिवस मी काय बैलगाडीतून हिंडू?" बबनरावांनी पेपर खाली केला. "गॅरेजवाल्यानं दोनदा बघितलं. त्यो शिकलेला हाय का तू?"

बद्रीनाथ अंगणाकडं वळला.

"आन् त्या काट्यावर पट्टी लाव. सारखा डोळ्यापुढं नाचतोय."

त्यानं काळी चिकटपट्टी आणली आणि आपल्याच हातानं काट्यावर लावली. गाडी त्याच्या ताब्यात होती आणि तिला काय होतंय ते बघायची त्याला मुभा नव्हती.

त्यानंतर तो रोज पहाटे पाणी भरायचा. दोन कॅन डिकीत लपवून ठेवायचा. पट्टीचं एक टोक त्यानं मुद्दाम सैल ठेवलं होतं.

"तुमी बोलत कावून न्हाईत?" त्याची बायको मनिषा म्हणाली.

"बोललो की."

"मंग सोडा ती नौकरी."

"त्यांनी मला ऊस तोडू दिला न्हाई, मनिषा."

"तुमच्या भावांनी तोडला. हाल काढले त्यांनी, लई काढले. पर आज त्ये आपल्या मर्जीनं उठतात." एवढं बोलून ती भाकरी थापायला वळली. तिचंही खरं होतं, त्याचंही खरं होतं. त्याला त्या रात्री जेवण गेलं नाही.

एप्रिलमध्ये बबनरावांच्या आईचं, भिवराबाईंचं, बीडला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तपासणी उरकून भर दुपारी ते परत निघाले. बबनराव पुढं, म्हातारी मागं, डोळ्यावर हिरवी पट्टी. दोन वाजता केजला बैठक होती.

मांजरसुंब्याचा घाट लागला आणि चिकटपट्टीच्या सैल टोकाखालून बद्रीनाथला काटा लालात गेलेला दिसला. त्यानं एसी बंद केला.

"एसी कावून बंद केला? माय तापंल ना मागं."

"गाडी तापलीया, अण्णा."

बबनरावांनी वाकून काट्यावरची पट्टी टर्रकन ओढून काढली. त्याच क्षणी काटा घसरला. मधोमधही थांबला नाही, पार तळाला गेला.

"बघ! आला खाली. लाव एसी."

बद्रीनाथनं एसी लावला नाही. त्यानं हीटर चालू केला. इंजिन उकळत असताना हीटरमधून भट्टीसारखी हवा यायला हवी होती. आली ती नुसती बाहेरच्या उन्हासारखी. म्हणजे तिथवर पाणीच पोचत नव्हतं. पाण्याची उष्णता मोजणारा सेन्सर कोरडा पडला होता, म्हणून काटा खाली आला होता.

त्यानं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि किल्ली काढली.

"काय केलंस?"

"काटा खाली आला म्हणूनच थांबलो, अण्णा. आत पाणी न्हाई. आत्ता गरम इंजिनात पाणी घालताबी येणार न्हाई. तासभर निवू द्या."

"तासभर? बैठक हाय माझी! चालू कर."

"न्हाई."

हा शब्द आपल्या तोंडातून गेला हे बद्रीनाथलाच उशिरा कळलं. बबनराव लालबुंद झाले. "दे किल्ली हिकडं. मी चालवतो."

गाडी त्यांची होती. बद्रीनाथनं किल्ली दिली आणि उतरला.

मागचं दार वाजलं. "मला उतरव रे बद्री," भिवराबाई म्हणाल्या.

"माय, तू कुठं निघाली उन्हात?"

"बावीस वर्सांत ह्यो कधी तुला न्हाई म्हणला का? आज म्हणला. मी न्हाई बसत त्या गाडीत."

बबनराव स्टिअरिंगवर बसले आणि दार आपटून गाडी घेऊन गेले. बद्रीनाथनं म्हातारीला लिंबाच्या सावलीत बसवलं. तिला प्यायला द्यायचं तर कॅनमधलं पाणी गाडीबरोबरच गेलं होतं. त्याला वाटलं होतं, असं काही केल्यावर हलकं वाटेल. तसं वाटलं नाही. कान वळणाकडं लागले होते. चढावर इंजिनाचा आवाज जड झाला, घरघरला आणि अचानक थांबला. त्याचे डोळे भरून आले. अण्णांसाठी नव्हे, त्या इंजिनासाठी.

वीसेक मिनिटांनी केजकडं जाणारी एसटी आली, म्हातारीला घेऊन तो चढला. दोन वळणं ओलांडल्यावर गाडी दिसली. बॉनेटमधून वाफ उसळत होती आणि बबनराव पांढऱ्या कपड्यांत रस्त्याच्या कडेला दगडावर बसले होते. बद्रीनाथनं कंडक्टरला सांगून बस थांबवली. बबनराव चढताच चार माणसं जागा द्यायला उठली. ते आईशेजारी बसले.

इंजिन जाम झालं होतं. केजच्या मिस्त्रीनं, रामकिसननं, ते उघडलं. गॅसकेट जळालेलं होतं आणि हेड वाकलं होतं. रामकिसन बद्रीनाथला बाजूला घेऊन म्हणाला, "न उघडता वळखलं तुमी. माझ्याकडं या. मला असाच माणूस पायजे."

चार दिवस मनाशी शब्द जुळवून बद्रीनाथ ओसरीवर गेला. तिथं दहा-बारा माणसं बसलेली होती. त्यानं तोंड उघडायच्या आत बबनराव मोठ्यानं म्हणाले, "ह्यो आमचा बद्री! मी ऐकलं न्हाई, चूक माझी झाली. आता ह्यो म्हणंल तीच गाडी घ्यायची."

अण्णांनी चूक कबूल केलेली त्यानं कधी ऐकली नव्हती. तरीही तो म्हणाला, "अण्णा, मी केजला गॅरेजात काम करावं म्हणतो."

"आन् मंग माझी गाडी कोण चालवंल? तू तर घरचा माणूस!" बबनराव हसले. सगळे हसले. बद्रीनाथही हसला, आणि हसत असतानाच त्याला कळलं की विषय संपला.

घरी मनिषानं विचारलं, "बोललात?" त्यानं नाही अशी मान हलवली. तिनं ताट वाढायला घेतलं.

नवी गाडी आली. बद्रीनाथ अजूनही मांडवांबाहेर थांबतो. पण आता रामकिसन अडला की त्याला फोन करतो. परवा वडवणीला एका साखरपुड्याबाहेर तो गाडीत बसून एका ट्रॅक्टरचा आवाज फोनवर ऐकत होता. "आता रेस दे. सोड. पुन्हा दे," तो डोळे मिटून सांगत होता. "पंप न्हाई तो, रामकिसन. हवा धरलीया डिझेलच्या लायनीत. फिल्टरचा नट ढिला कर आन्..."

समोरून बबनराव येताना दिसले.

"ठिवतो," बद्रीनाथ म्हणाला, आणि दार उघडायला खाली उतरला.