न चालवता सांगणारे साडू

आमच्या साडूंइतका कमी वीज खाणारा कॉम्प्युटर-मास्तर अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात झाला नाही. मेहकरला त्यांचे क्लास होते, आणि वीज यायची ती बहुधा क्लास सुटल्यावर. त्यामुळे साडू प्रोग्राम कागदावर छापून घेत आणि ओळीओळीवरून पेन्सिल फिरवत कुठे काय चुकणार ते सांगत. "चालवून तं कोणीबी सांगते," असं त्यांचं म्हणणं. पुढे वीज आली, सवय गेली नाही. लग्नपत्रिकासुद्धा ते तशाच वाचत. मेहुण्याच्या पत्रिकेवर नजर टाकून म्हणाले, "या काकाचं नाव निमंत्रकांत हाय, बाकी कुठीच नाई. काका रुसले दिसतात." काका लग्नात जेवले नाहीत. धाड गावी सासऱ्यांच्या घरी तर त्यांनी भिंतीवरच्या तारा डोळ्यांनीच तपासून तिसरं बटण कशालाच जोडलेलं नाही असं जाहीर केलं. सासरे ते बटण घर बांधल्यापासून रोज संध्याकाळी नमस्कार करून दाबत. नंतरही दाबत राहिले. फक्त साडूंकडे न बघता.

अशा माणसाला मी माझा प्रोग्राम दाखवला, कारण मला शाबासकी हवी होती. डोणगावच्या एका दवाखान्यात केसपेपर छापायला तो लिहिला होता. रुग्णाच्या प्रत्येक माहितीसाठी दोन फंक्शनं: एक माहिती आत ठेवणारं, एक बाहेर काढून देणारं. पुस्तकात तसं होतं म्हणून मी लागो न लागो सगळ्या जोड्या लिहून काढल्या. साडूंनी दोन दिवस कागद वाचले आणि बाहेर काढणाऱ्या सतरा फंक्शनांवर फुल्या मारून ते परत पाठवले. यांना प्रोग्रामात कुठूनही हाक जात नव्हती, म्हणजे ती कुठे वापरलीच नव्हती. मी सतराच्या सतरा खोडली, प्रोग्राम दवाखान्यात बसवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऐटीत फोन केला.

"साफ केलं सगळं, साडूभाऊ."

"सतराबी?"

"हो."

"भाऊ, त्यात एक 'कोणतं औषध चालत नाई' हे होतं. भरणारा भरून राह्यला, पाहणारं कोणीच नाई. म्या फुली काढाले नोती मारली, विचाराले मारली. कोणी काऊन पाहून नाई राह्यलं?"

म्हणजे कारकून विचारून विचारून नोंद घेणार, आणि डॉक्टरांच्या हातातल्या कागदावर त्यातलं अक्षरही उमटणार नाही. दवाखान्याचा फोन लागेना. मी बुलढाण्याहून गाड्या बदलत पोचलो, तोवर साडू मेहकरहून येऊन खिडकीशी उभे होते आणि कारकुनाच्या पडद्यावर बघून प्रत्येक केसपेपरवर हाताने लिहीत होते. काल तसा रुग्ण आला नव्हता, हे त्यांनी आधीच तपासलं होतं. मी मागे बसून खोडलेलं फंक्शन पुन्हा लिहिलं आणि केसपेपर छापताना त्याला हाक जाईल असं केलं. त्यातही दोनदा चुकलो.

आजकाल असल्या बिनहाकेच्या फंक्शनांखाली कॉम्प्युटर आपणच रेघ ओढतो. कोणाला विचारत मात्र नाही.

त्या दिवशी माझं लिहिणं चालू असतानाच साखरखेर्ड्याची एक म्हातारी आली. मागे पेनिसिलिनने अंग सुजलं होतं, असं तिने कारकुनाला सांगितलं. साडूंनी तिच्या कागदावर 'पेनिसिलिन नको' लिहिलं. डॉक्टरांनी वाचलं, भरायला घेतलेली सुई बाजूला ठेवली आणि दुसरं औषध घेतलं. एवढंच झालं. म्हातारी बाहेर येऊन साडूंना म्हणाली, "बापू, साखरखेर्ड्याकडची गाडी कुठी लागते?"

साडूंनी तिची पिशवी घेतली, तिला थांब्यावर नेलं, गाडीत बसवलं.

"देव तुयं भलं करो," ती खिडकीतून म्हणाली. "तू नसता तं गाडी चुकली असती माई."

"हाव, माय," साडू म्हणाले, आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभे राहिले.